पिंपावरची तारीख

चतुर्थीच्या सुट्टीत कट्ट्याला घरी आलेला एक तरुण आईला घेऊन दवाखान्यात आला होता. गोव्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात तो नोकरी करतो. आईला तपासून झाल्यावर दबकत म्हणाला, "डॉक्टरानू, एक इचारू? बिअरच्या पिंपार घातलेली तारीख जावन आठ दिवस झाले, तरी आमचो शेठ तीच गिऱ्हायकांका देता. कोणाक काय होवचा नाय मां?"

प्रश्न प्रामाणिक होता. दारूची गोष्ट आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण तारीख कशी वाचावी हे बिअरच्या पिंपावरून जितके नीट कळते, तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच कळते.

आपल्या घरातलेच उदाहरण घेऊ. आमसुलाचे आगळ वर्षभर टिकते. त्याच आगळाची सोलकढी रात्रीपर्यंत बिघडते. आगळात मीठ आणि आंबटपणा आहे, जंतूंना तिथे थारा नाही. सोलकढीत नारळाचा रस आला, की जंतूंची चंगळ. बिअर या बाबतीत आगळाच्या बाजूची. तिच्यात अल्कोहोल आहे, आंबटपणा आहे, हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा आहे आणि हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड आहे. त्यामुळे माणसाला आजारी पाडणारे जंतू तिच्यात सहसा वाढत नाहीत. आंबवणारे जंतू मात्र वाढतात. लुई पाश्चरने १८७६ साली बिअरच्या आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला तो यासाठीच. पदार्थ बेताने तापवून जंतू मारायच्या पद्धतीला आज त्याचेच नाव आहे.

आता पिंपाकडे वळू. स्टीलचे हे पिंप साधारणपणे ३० किंवा ५० लिटरचे असते. त्यावर तारीख दिसली की पहिला प्रश्न विचारावा, ही तारीख भरल्याची की संपण्याची? काही परदेशी मालावर महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. तिथे ०३/०८ म्हणजे ८ मार्च. कधी वर्षातला कितवा दिवस एवढाच आकडा असतो. २४५ म्हणजे २ सप्टेंबर.

दुसरा प्रश्न, तारीख चवीची की सुरक्षिततेची? 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' असे लिहिलेले असेल, तर त्यानंतर चव उतरते. जुनी बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते, पण ती विष होत नाही. 'वापराची अंतिम तारीख' असेल, तर ती उलटल्यावर माल विकणे हा गुन्हा आहे. तिथे शेठने "चलता" म्हणून भागत नाही.

तिसरा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, आणि त्याचे उत्तर पिंपावर छापलेले नसते. पिंप ठेवले कुठे आणि उघडले कधी? न तापवलेली बिअर तीन-चार अंश तापमानात ठेवली तर सहा-आठ आठवडे ताजी राहते. तापवलेली काही महिने. पण मे महिन्यात ते पिंप दोन दिवस पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, तर छापील तारखेला अर्थ उरत नाही. गॅसवर चालणारा नळ जोडला तर उघडलेले पिंप काही आठवडे चालते. हातपंपाने हवा भरली तर दुसऱ्या दिवशी चव गेलेली असते. शिवाय नळीत बुरशी आणि जंतूंचा थर धरतो, म्हणून ती दर पंधरवड्याला धुवावी लागते. अल्कोहोल नसलेली बिअर अशा नळातून देत असतील तर जास्तच सावध राहावे. तिच्यात आजाराचे जंतूसुद्धा वाढू शकतात.

थोडक्यात, तारीख ही एक अट आहे. कारखानदार म्हणतो, थंड ठेवाल आणि उघडणार नाही, तर एवढे दिवस मी जबाबदार. आपण अट मोडतो आणि तारखेवर मात्र विश्वास ठेवतो.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "पिंप उघडल्याचा दिवस खडूने त्यावर लिहीत जा, आणि तारीख सरलेले पिंप शेठला दाखवून बाजूला काढ."

ताजी बिअर म्हणजे निर्धोक बिअर, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आठ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे ३० मिलिलिटरचे व्हिस्कीचे चार पेग. "बिअरने मुतखडा पडतो" म्हणून बाटल्या रिचवणारे मी बरेच पाहिले आहेत. खडा राहतो तो राहतोच, वर यकृताला त्रास होतो. अल्कोहोलमुळे कर्करोग होतो हे १९८८ पासून मान्य झालेले आहे. शिळ्या बिअरने तोंडाची चव जाते. यकृत मात्र ताज्या बिअरनेही जाते.

मुलगा उठता उठता मी त्याच्या आईच्या पिशवीतली इन्सुलिनची बाटली मागून घेतली. तिची साखर दोन महिने आटोक्यात येत नव्हती. छापील तारीख पुढच्या वर्षाची होती. "उघडलात कधी?" विचारले, तर म्हणाली, "एकादशीच्या आधी." म्हणजे आषाढी. बहुतेक इन्सुलिनच्या बाटल्या उघडल्यावर चार आठवड्यांत संपवायच्या असतात. ही बाटली त्यानंतरही महिनाभर, वीज गेली की बंद पडणाऱ्या फ्रिजच्या दारात, वापरात होती.

मुलगा गप्प झाला. गिऱ्हाइकाच्या पिंपावरची तारीख त्याने पाहिली होती; आईच्या बाटलीवर जी लिहायला हवी होती, ती कोणीच लिहिली नव्हती.

वाचकहो, आज घरातली इन्सुलिनची बाटली, डोळ्यांत घालायचे थेंब, मुलांचे पातळ औषध बाहेर काढा. प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवून उघडल्याचा दिवस लिहा. तो आठवत नसेल, तर औषध वापरण्याआधी डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला दाखवा. छापील तारीख कारखान्याची असते. उघडल्याची तारीख आपली, आणि ती आपणच लिहायची असते.