वेगाचेही वाटप हवे

'इंटरनेट मंद झाले, मोठा प्लॅन घ्या,' असे आपल्या मॉरिशसमध्ये घरोघरी ऐकू येते. आम्हां शिक्षकांना वाटते की, जादा पैसे भरण्यापूर्वी आपला राउटर तपासावा.

एका खोलीतून व्हिडिओ क्लाउडवर चढत असतात, तेव्हाच दुसऱ्या खोलीत मुलाचा ऑनलाइन वर्ग तुटतो. वर जाणारी वाट बहुधा अरुंद असते. ती भरली की वर्गाचा आवाजही रांगेत अडकतो.

प्रथम बाकीची उपकरणे बंद करून, केबलने संगणक जोडून वेग मोजावा. २० मेगाबिट म्हणजे २.५ मेगाबाइट, हे ध्यानात असावे. येथेच वेग कमी भरला, तर राउटरमध्ये जुनी मर्यादा राहून गेली आहे का ते पाहावे. नसल्यास आकडे घेऊन कंपनीकडे जावे. वेग ठीक असेल, तर क्यूओएस विभागात दोन्ही दिशांची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्के ठेवावी. मग रांग आपल्याच राउटरमध्ये लागते आणि वर्गाला पुढे सोडता येते.

पंगतीत आपण मुलांना आधी वाढतो. वेगाच्या बाबतीतही, बंधुभगिनींनो, तोच न्याय असावा.