बायोप्सीनंतरचे कोण सांगणार?

'पीएसए वाढला आहे, बायोप्सी करावी लागेल,' हे ऐकून दवाखान्याबाहेर पडणारा साठीतला पुरुष दोन धास्ती घेऊन घरी येतो. एक कर्करोगाची, दुसरी 'सुई लावली की रोग पसरतो' या ऐकीव गोष्टीची. खरे तर प्रोस्टेटच्या साध्या वाढीने किंवा संसर्गानेही पीएसए वाढतो आणि सुईमुळे कर्करोग पसरणे अत्यंत दुर्मीळ असते.

तपासणी तशी छोटी. जागा बधिर करून सोनोग्राफीच्या मदतीने बारीक सुईने साधारण 10 ते 12 नमुने घेतात. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. काळजी घ्यायची ती आधी आणि नंतर.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना सांगाव्यात, पण परस्पर बंद करू नयेत. हृदयात स्टेंट असल्यास ते जिवावर बेतू शकते. मधुमेह, लघवीची जळजळ, औषधांची ॲलर्जी आणि अलीकडे घेतलेली प्रतिजैविकेही सांगावीत. गुदाशयातून सुई घातल्यास तिथले जिवाणू रक्तात शिरू शकतात. ऊठसूट प्रतिजैविके घेतलेल्यांमध्ये हे जिवाणू नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. वृषणामागच्या त्वचेतून सुई घातल्यास हा धोका कमी होतो. ती सोय आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा.

नंतरचा घोळ मात्र न सांगण्यामुळे होतो. लघवीत आणि शौचात काही दिवस थोडे रक्त दिसते. वीर्य काही आठवडे तांबूस किंवा तपकिरी राहते. हे आपोआप थांबते. पण आधी कल्पना नसलेला माणूस हादरतो आणि लाजेपोटी बायकोलाही सांगत नाही. उलट थंडी वाजून ताप आला, तर 'हवा बदलली असेल' म्हणून तापाची गोळी घेऊन झोपतो. धोका नेमका इथे आहे. 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, हुडहुडी, लघवी तुंबणे, रक्ताच्या गाठी पडणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायला हवे.

संमतिपत्रावर सही घेण्याची तत्परता प्रत्येक रुग्णालय दाखवते. त्याच वेळी मोठ्या अक्षरांतले मराठी अर्धे पान, त्यावर रात्री लागणारा फोन नंबर, आणि घरच्या माणसासमोर ते वाचून दाखवणारी परिचारिका, एवढे द्यायला खर्च तो किती? ही रुग्णालयाने केलेली मेहेरबानी नव्हे, उपचाराचाच भाग आहे. ते पान मिळाले नाही, तर रुग्णाने मागून घ्यावे.