डांगचा साग आणि उद्याचा हिशेब

सुरतेतील आपल्या जुन्या घरांची दारे, झोपाळे सागाचे. आणि साग म्हटले की डांग. आज तेथे लावलेले रोप तयार व्हायला कित्येक दशके लागतात. तेव्हाची हवा त्याला मानवेल काय?

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००६ साली अंदाज वर्तवला, की २०८५ पर्यंत देशातील ६८ ते ७७ टक्के वनक्षेत्रात जंगलाचा प्रकार बदलू शकतो. २०११ साली वेगळ्या गणिती पद्धतीने शतकाअखेरचा आकडा ३४ ते ३९ टक्के निघाला. आकडा निम्म्यावर आला म्हणून सारेच थोतांड ठरवू नये. व्याजदर उतरला की हप्ता कमी होतो, कर्ज फिटत नाही.

अशा वेळी शहाणा माणूस सारी ठेव एकाच ठिकाणी ठेवत नाही. डांगमध्येही सागाच्या जोडीला ऐन, खैर, शिसव, बांबू हवेत. पूर्णा, अंबिका या नद्या त्याच डोंगरांतून दक्षिण गुजरातला पाणी आणतात, हे विसरू नये.

बंधुभगिनींनो, मत मागायला येणाऱ्यास 'रोपे किती लावली?' एवढेच विचारू नका. किती जातींची लावली आणि पाच वर्षांनी किती जगली, याचा हिशेब मागा.