दातांच्या खाती

सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, झोप मोडते. स्वच्छ बोटाने हिरडी हळुवार चोळावी, गार ओल्या फडक्याचे टोक चघळू द्यावे, निजण्याची वेळ पाळावी. मध चाटवू नये. जैन घरांत तो वर्ज्यच, वैद्यकशास्त्रही वर्षाच्या आत तो निषिद्ध मानते.

मात्र प्रत्येक रडणे दातांच्या खाती मांडू नये. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील आरोग्यसेवकांना श्वास मोजून बाळाचा न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या शांत बाळाचा श्वास मिनिटाला ५० वा अधिक असेल, किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला असेल, तर कारण दात नव्हेत. जंगलातील गावांहून दवाखाना दूर असतो. म्हणून उजाडण्याची वाट न पाहता निघावे.