किमतीची चिठ्ठी आणि माणसाचा मान

आपल्या घरातील जुन्या कपड्यांना ठरलेल्या तीन वाटा असतात. काही कपडे बोहारणीकडे जातात आणि त्यांच्या बदल्यात पातेले किंवा डबा घरात येतो. काही कामाला येणाऱ्या ताईंच्या हाती पिशवीत भरून दिले जातात. उरलेले फाडून लादी पुसायला घेतले जातात. चौथी वाट आपल्याला फारशी ठाऊक नाही. धुतलेला, इस्त्री केलेला तोच कपडा एखाद्या दुकानात हँगरला लागावा, अनोळखी बाईने तो आरशासमोर अंगाला लावून पाहावा, पैसे मोजावेत आणि खुशीने घरी न्यावा, ही ती वाट.

ब्रिटनमध्ये ही चौथी वाट जवळजवळ प्रत्येक गावाच्या बाजारपेठेतून जाते. तिथे अशा दुकानाला चॅरिटी शॉप म्हणतात. लोकांनी दान दिलेल्या वस्तू विकायच्या आणि आलेला पैसा सेवाकार्यात घालायचा, एवढीच त्यामागची कल्पना. त्या देशात अशी दहा हजारांहून अधिक दुकाने आहेत. कोणी हृदयरोगावरील संशोधनासाठी चालवते, कोणी अनाथ मुलांसाठी, कोणी वृद्धांसाठी. १९८४ साली बर्मिंगहॅममध्ये स्थापन झालेल्या इस्लामिक रिलीफ या मुस्लिम संस्थेनेही अशी दुकाने काढली आहेत.

कोकणातील पुष्कळ मुस्लिम घरांचे नातलग तिकडे स्थायिक आहेत. सुट्टीत ते येतात तेव्हा त्यांच्या बॅगेतून निघणारा एखादा उबदार स्वेटर, बाळाचा कोट किंवा गोष्टींचे जाडजूड पुस्तक अशाच दुकानातून आलेले असते. पण हे सांगताना मंडळी थोडी कचरतात. "नवीनच आहे," म्हणून विषय बदलतात. त्यांना भीती वाटते ती आपली. "लोकांचे उतरलेले घालतात" असे आपण म्हणू, ही ती भीती. आज बोलायचे आहे ते याच भीतीबद्दल. पण आधी त्या दुकानातला आनंद पाहू.

मी नणंदेकडे लेस्टरला काही आठवडे राहिले, तेव्हा तिच्याबरोबर अशा दुकानांतून पुष्कळ फिरले. आत शिरताच वाफेच्या इस्त्रीचा आणि जुन्या पुस्तकांचा मिळून एक वास येतो. एका बाजूला मापाप्रमाणे लावलेले कपडे, दुसऱ्या बाजूला कपबश्या, काचेची भांडी, लोकरीचे गुंडे, खेळणी. पुस्तके एक-दोन पौंडांत मिळतात. चित्रकोड्याच्या खोक्यावर कोणीतरी हाताने लिहून ठेवलेले असते, "सर्व तुकडे मोजले आहेत." कोणीतरी आपला वेळ खर्चून ते पाचशे तुकडे खरोखर मोजलेले असतात. मला त्या चिठ्ठीचे फार अप्रूप वाटले.

नेहमीच्या दुकानात आपण यादी घेऊन जातो. इथे यादी चालत नाही. शोधायला जावे फुलदाणी आणि हाती लागावा लांब बाह्यांचा, पायघोळ, दाट विणीचा कोट, तोही नेमका आपल्या मापाचा. पडद्यात राहणाऱ्या बाईला नव्या फॅशनच्या दुकानात जे शोधून सापडत नाही, ते दहा वर्षांपूर्वीच्या फॅशनमध्ये सहज सापडते. शिवाय इथली प्रत्येक वस्तू एकच असते. आज घेतली नाही तर उद्या ती नसेल. हातात आली की उगाच नशीबवान झाल्यासारखे वाटते. नणंद म्हणते, "भाभी, इथे वस्तू आपण शोधत नाही. ती आपल्याला शोधते."

अर्थात शोधायलाही नजर लागते. कपडा उजेडात धरून पाहावा. काखेची शिवण, कॉलरची आतली बाजू आणि चेन तपासावी. लोकरीच्या कपड्यात कसरीची छिद्रे आहेत का ते बघावे. कप बोटाच्या पेराने हलकेच वाजवावा. तडा असेल तर आवाज बद्द येतो. आपल्या घरांसाठी आणखी दोन गोष्टी आहेत. पुरुषांसाठी शर्ट किंवा मफलर घेताना आतली पट्टी वाचावी, कारण तो अस्सल रेशमाचा असू शकतो. आणि बुटाचे आतले अस्तर पाहावे. युरोपात बनलेल्या बुटांना कधी कधी डुकराच्या कातड्याचे अस्तर असते. त्यावर केसांची बारीक छिद्रे तीन-तीनच्या गटात दिसतात. एकदा ओळखले की नजर पुन्हा चुकत नाही.

"दुसऱ्याच्या अंगावरचा कपडा, त्यात नमाज होईल का?" हा प्रश्न तिकडे नवीन गेलेल्या बायका हमखास विचारतात. कपडा मुळात पाक समजला जातो, आणि नापाकी असल्याची खूण किंवा खात्री असेल तरच तो तसा ठरतो, असे उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर धुऊन घ्यावा. तसाही विकत आणलेला कोणताही कपडा, नवा असो वा जुना, एकदा धुऊन घालावा हे बरे.

आता ही दुकाने चालतात कशी, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात ग्रीसमध्ये भयंकर उपासमार झाली. तिथल्या लोकांना मदत मिळावी म्हणून १९४२ साली ऑक्सफर्डमध्ये एक समिती स्थापन झाली. तीच पुढे ऑक्सफॅम या नावाने ओळखली जाऊ लागली. युद्धानंतर कपड्यांसाठी आवाहन केले तेव्हा इतक्या वस्तू आल्या, की १९४७-४८ च्या सुमारास समितीने ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकानच उघडले. ते दुकान त्याच रस्त्यावर आजही आहे. या दुकानांना माल विकत घ्यावा लागत नाही. गल्ल्यावर बसणारे आणि मागच्या खोलीत कपडे निवडणारे बहुतेक लोक विनावेतन काम करतात. निवृत्त शिक्षिका, विद्यार्थी, घरात एकटे पडलेले वृद्ध असे सगळे त्यात असतात. स्थानिक करात मोठी सूट मिळते. वस्तू देणारी व्यक्ती आयकर भरत असेल आणि तिने तसा अर्ज भरून दिला असेल, तर तिच्या वस्तूंच्या विक्रीतून आलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स आणखी देते.

जे विकले जात नाही ते वजनावर व्यापाऱ्यांकडे जाते आणि जहाजाने जगभर पसरते. त्यातले पुष्कळसे आपल्या देशातही येते. हरियाणातील पानिपत हे शहर जुन्या लोकरीच्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढण्यासाठी प्रसिद्ध आहे. बटणे आणि चेन काढून, चिंध्या करून, पिंजून त्या सुताची घोंगडी विणली जातात. पूर किंवा भूकंप झाला की मदत म्हणून जी राखाडी घोंगडी वाटली जातात, त्यांतील कित्येक अशा सुताची असतात. म्हणजे इंग्लंडमधील कोणा आजीचा स्वेटर आपल्या गावातील कोणा आजीच्या अंगावर येऊन पोहोचलेला असू शकतो.

पण वस्तूचा हा प्रवास कितीही नवलाचा असला, तरी मला त्या दुकानातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती कपड्याला लावलेली किमतीची चिठ्ठी.

एकाच दांडीवरचे कपडे दोन बायका सरकवून बघत होत्या. एक चांगल्या नोकरीतली दिसत होती. दुसरीबरोबर बाबागाडी होती आणि ती प्रत्येक चिठ्ठी उलटून किंमत वाचत होती. दोघींनी आपापले काहीतरी घेतले, पैसे दिले, पिशवी घेतली आणि निघाल्या. गल्ल्यावरच्या वृद्ध बाईने दोघींचे सारख्याच शब्दांत आभार मानले. कोण गरजेपोटी आली होती आणि कोण हौसेपोटी, हे कोणी विचारले नाही. किंमत थोडी होती, पण ती मोजल्यामुळे बाबागाडीवाली बाई लाभार्थी नव्हती, ग्राहक होती. एवढेच नव्हे, तिच्या चार पौंडांतून आणखी कोणाला तरी मदत होणार होती. घेणारीही त्या क्षणी देणारी झाली होती.

आता आपल्याकडचे चित्र आठवा. थंडीत ब्लँकेटवाटप होते. घेणाऱ्याला रांगेत उभे करतात, ब्लँकेटचे एक टोक त्याच्या हातात आणि दुसरे देणाऱ्याच्या हातात असताना फोटो काढतात, आणि तो फोटो गावभर फिरतो. त्या माणसाची मुले शाळेत जातात, त्यांचे मित्र तो फोटो बघतात. ऊब मिळते, पण मान जातो. गरीब माणूस कपड्यावाचून जितका कुडकुडतो, त्याहून अधिक या फोटोने कुडकुडत असेल.

हा प्रश्न ओळखणारी माणसे आपल्या देशातही आहेत. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत गूंज ही संस्था सुरू केली. शहरांतून गोळा केलेले कपडे ही संस्था गावांत फुकट वाटत नाही. गावकरी मिळून विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, बंधारा घालतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी इराणमधील मशहद शहरात कोणीतरी एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या: नको असेल ते टांगा, हवे असेल ते न्या. देणारा दिसत नाही, घेणारा दिसत नाही. ही कल्पना 'माणुसकीची भिंत' या नावाने आपल्या महाराष्ट्रातील गावोगावी आली. मात्र मी पाहिलेल्या एका भिंतीपाशी काही महिन्यांतच फाटक्या, मळक्या कपड्यांचा ढीग साचला होता. भिंत चांगलीच होती. टांगणाऱ्यांनी तिला कचराकुंडी समजले.

म्हणून गोष्ट शेवटी देणाऱ्यापाशी येते. सूरह बकरामध्ये (२:२६७) आपल्याला बजावले आहे की, आपल्याला कोणी दिली तर डोळेझाक केल्याशिवाय जी आपण घेणार नाही, अशी निकृष्ट वस्तू निवडून खर्च करू नये. कपाट आवरताना ही कसोटी समोर ठेवा. बटण तुटलेला कुर्ता द्यायचा असेल तर बटण लावून द्या. सलवार देताना तिची ओढणी शोधून सोबत द्या. जे आपल्या बहिणीला द्यायला लाज वाटेल, ते लादी पुसायलाच बरे.

घेणाऱ्याकडूनही काही अपेक्षा आहेत. अशा दुकानात घासाघीस करू नये. तिथे कमी केलेला पैसा कोणा गरजूच्या वाट्यातून जातो. कोटाच्या खिशात अंगठी किंवा नोट निघाली तर ती परत करावी, कारण आपण कोट घेतला आहे, अंगठी नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. एकाने जमीन विकत घेतली आणि तिच्यात सोन्याने भरलेला घडा सापडला. तो विकणाऱ्याकडे गेला, की मी जमीन घेतली होती, सोने नाही. विकणारा म्हणाला, मी जमीन तिच्यातल्या सगळ्यासकट विकली. दोघेही घ्यायला तयार नाहीत! शेवटी निवाडा करणाऱ्याने एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी यांचा निकाह लावून ते सोने त्यांच्यावर खर्च करायला आणि त्यातून सदका द्यायला सांगितले. स्वस्तात मिळाल्याचा आनंद हलाल आहे. समोरच्याला कळले नाही याचा आनंद नव्हे. आणि स्वस्त आहे म्हणून नको असलेले सात कोट घरी आणले तर तोही इसराफच.

मग आपल्या मोहल्ल्यात हे जमेल का? जमेल, आणि त्यासाठी दुकान लागत नाही. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी किंवा रमजानच्या आधी एखाद्या हॉलमध्ये एक दिवस पुरे. महिनाभर आधी कपडे, दप्तरे, पुस्तके, भांडी गोळा करा. चार भगिनींनी बसून नीट निवड करा. खराब असेल ते निर्दयपणे बाजूला काढा. उरलेले धुवा, इस्त्री करा, मापाप्रमाणे दोरीवर टांगा. प्रत्येक वस्तूला दहा, वीस, पन्नास रुपयांची चिठ्ठी लावा. येणाऱ्या पैशातून कोणत्या मुलींची फी भरणार ते नावे न घेता दारावर लिहून ठेवा. फोटो काढू नका. आणि पहिल्या दिवशी खरेदीला तुम्ही स्वतः जा, आपल्या मुलीला घेऊन जा, तिच्यासाठी काहीतरी घ्या आणि ईदला ते तिला घाला. खात्यापित्या घरची मुलगी तिथला फ्रॉक मिरवताना दिसली, की दुसऱ्या घरच्या आईचा संकोच आपोआप जाईल.

एक गोष्ट मात्र विसरू नका. तिथे एक मोठा आरसा ठेवा. कपडे वाटतो तिथे कोणी आरसा ठेवत नाही. आरसा असला की येणारी बाई जरा थांबते, ओढणी सावरते, कपडा अंगाला लावून पाहते आणि म्हणते, "हा नको, तो निळा दाखवा." नको म्हणण्याचा तो हक्क तिला मिळाला, की आपले काम झाले.