परतलेल्या माणसाचे पहिले वर्ष

चिपळूण, खेड, दापोली, गुहागर, म्हसळा, श्रीवर्धन या तालुक्यांतील ज्या घरांनी पूर्वी आपले मुलगे इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर खलाशी म्हणून धाडले, त्याच घरांनी १९७३ नंतर, तेलाच्या किमती चढून आखाती देशांत बांधकामांना वेग आला तेव्हा, आपली पुढची पिढी कुवेत, दुबई, दम्माम आणि दोहा येथे पाठविली. आणि त्या पिढीच्या कष्टार्जित पैशातून चिऱ्याची घरे उभी राहिली, मशिदी-मंदिरांचे जीर्णोद्धार झाले, बहिणींची लग्ने झाली, हे कोकणात कोणाला नव्याने सांगण्याचे कारण नाही. परंतु वीस-पंचवीस वर्षे परमुलखात काढून, अकामा म्हणजे तेथील वास्तव्याचा परवाना रद्द करून, ‘फायनल एक्झिट’चा शिक्का घेऊन जो मनुष्य कायमचा घरी येतो, त्याचे पुढे काय होते याची विचारपूस ना सरकार करते, ना गाव, आणि पुष्कळदा त्याचे स्वतःचे घरही करीत नाही.

अमेरिकेत गेलेल्या अभियंत्यापुढे परत यावे की न यावे, असा प्रश्न तरी असतो. आखातात गेलेल्या सुताराला, वाहनचालकाला किंवा वेल्डरला तो पर्याय कधी मिळालेलाच नसतो. कारण तेथील वास्तव्याचा परवाना नोकरीला बांधलेला, नागरिकत्वाचे दार सामान्य कामगाराला बंद, आणि म्हणून ज्या दिवशी तो सहारच्या विमानतळावरून निघतो त्याच दिवशी त्याचे परतणेही ठरून गेलेले असते. इतक्या निश्चित गोष्टीची तजवीज अगोदरपासून नसावी, ही उणीव मला अक्षम्य वाटते. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्याप्रमाणे नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांबद्दल दर वर्षास एकवीस दिवसांचे आणि पुढील वर्षांबद्दल तीस दिवसांचे मूळ वेतन उपदान म्हणून मिळते, निवृत्तिवेतन नाही. आपल्या सरकारने जर्मनी, फ्रान्स, जपान इत्यादी देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार केले, परंतु जेथे आपले सर्वाधिक श्रमिक राबतात त्या आखातातील एकाही देशाशी असा करार नाही. म्हणजे ऐन पन्नाशीत मनुष्य घरी येतो तो एका रकमेनिशी, आणि ती रक्कमही बहुधा घराच्या स्लॅबवर किंवा मुलीच्या लग्नात अगोदरच खर्ची पडलेली असते.

पैशाची ही हकीकत निदान आकड्यांत मांडता येते. घरातली हकीकत अधिक अवघड आहे, आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. सुट्टीवर येणारा पुरुष हा पाहुणा असतो. दोन महिने त्याच्या आवडीचे कालवण शिजते, नातलगांची रीघ लागते, मुले त्याच्या अवतीभवती असतात, आणि कोणताही कटू विषय त्याच्या जाण्यापर्यंत झाकून ठेवला जातो. तोच पुरुष कायमचा आला की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घराला आणि त्यालाही कळून चुकते, की हे घर त्याच्या पैशावर चालले असले तरी त्याच्या हाताने चाललेले नाही. गवंड्यांशी घासाघीस, बँकेची खाती, मुलांची दहावी-बारावी, सासऱ्यांचे शेवटचे आजारपण, तालुक्याच्या कचेरीतील खेटे, हे सगळे ज्या स्त्रीने एकटीने निभावले, तिला आता प्रत्येक गोष्टीत परवानगी मागावी लागावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. आणि या तंट्यात माझा कौल प्रथम तिच्या बाजूने आहे, हे मी स्पष्टच सांगतो.

मात्र त्या पुरुषाला दोषी ठरवून मोकळे होण्याचीही माझी तयारी नाही. ज्याने ऐन उमेदीची वर्षे कंपनीच्या कॅम्पात, एका खोलीत रचलेल्या खाटांवर, मलबारी, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि फिलिपिनो सोबत्यांसह, उठण्याची, जेवण्याची आणि झोपण्याची वेळ दुसऱ्याने ठरविलेल्या स्थितीत काढली, त्याला स्वतःच्या घरातला मोकळा दिवस कसा घालवावा हे उमजत नाही, यात नवल ते काय? त्याचे खरे जिवलग त्या खोलीत राहिले. एकमेकांच्या तापात उशाशी बसलेली, एकमेकांच्या आईच्या मृत्यूची वार्ता ऐकून रात्रभर जागलेली ती माणसे आता चार देशांत पांगली आहेत, आणि गावात त्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. गावाला त्याच्याकडून अत्तर आणि सोन्याचा भाव ऐकावयाचा असतो. पन्नास अंशांच्या उन्हात पोलादी सांगाड्यावर उभे राहणे म्हणजे काय, हे त्याला कोणी विचारीत नाही, आणि विचारले नाही म्हणून तोही सांगत नाही. मग त्याच्या त्या मौनाला लोक खुशाल गर्व म्हणतात. वारसनोंद न झालेला सातबारा, भावांनी परस्पर केलेली वाटणी, रेशनकार्डावरून कमी झालेले नाव, ही यातायात त्यावर आणखी.

परतण्याचे हे काम वेळ मागते, हे ज्याने ओळखले होते असा एक पुरुष याच गुहागर तालुक्यातील कोतळूक गावी जन्मला होता. दक्षिण आफ्रिकेत दोन दशके घालवून ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईत अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांना सुचविले, की एक वर्षभर देश केवळ पाहावा आणि सार्वजनिक प्रश्नांवर मतप्रदर्शन करू नये. गोखले त्यानंतर दीड महिन्याच्या आतच निवर्तले. तरीही गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून हिंडत ते वर्ष पाळले. एवढ्या कर्तृत्वाच्या मनुष्यालाही जर स्वदेशाची ओळख नव्याने करून घ्यावी लागली, तर आपल्या गावच्या फिटरला घरच्यांनी एक वर्ष का देऊ नये, आणि त्यानेही त्या वर्षात हुकूम सोडण्यापेक्षा पाहणे-ऐकणे अधिक का करू नये? २००३ पासून प्रवासी भारतीय दिवस म्हणून साजरी होते ती हीच तारीख, एका माणसाच्या परतण्याची. त्या समारंभात खरोखर परतलेल्या श्रमिकाला मानाचे स्थान मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

संकटाच्या वेळी माणसे परत आणणे आपल्या राज्ययंत्रणेला उत्तम साधते. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर अम्मानहून लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी सुखरूप आणले गेले, आणि कोविडच्या साथीत, २०२० च्या मे महिन्यात, तीच तत्परता पुन्हा दिसली. विमानतळाबाहेर मात्र ही जबाबदारी संपते. असे होण्याचे कारण नाही. कारण दूरच्या ठाण्यावरून परतलेल्या सैनिकाला घरी स्थिरस्थावर करण्यासाठी यंत्रणा लागते हे पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्येच, सैनिक मंडळाच्या रूपाने मान्य झाले, आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांत सैनिक कल्याण कार्यालये आहेत. निवृत्तीच्या उंबरठ्यावरील जवानासाठी पुनर्वसनाचे अभ्यासक्रमही आहेत. केरळने १९९६ मध्ये आपल्या परदेशस्थ लोकांसाठी ‘नोर्का’ हे स्वतंत्र खाते उघडले, २००८ मध्ये त्यांच्या कल्याणनिधीचा कायदा केला, आणि परतलेल्यांच्या उद्योगांना भांडवली अनुदान देऊ केले. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे परदेशातून देशात येणाऱ्या खासगी रकमांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, केरळपेक्षाही किंचित अधिक आहे. त्यात मुंबई-पुण्याच्या उच्चशिक्षितांचा पैसा मोठा असेल हे मान्य करूनही, आपल्या राज्याने कोकणच्या श्रमिकाचे ऋण नाकारू नये.

रत्नागिरी आणि रायगडच्या जिल्हाधिकारी कचेरीत एक मेज आणि एक जाणता कारकून, एवढ्याने प्रारंभ होईल: थकलेल्या पगाराचा दावा मुखत्यारपत्राने तेथल्या न्यायालयात चालू ठेवण्यास साहाय्य, वारसनोंदीचा निकाल ठराविक मुदतीत, आणि आल्याबरोबर साखर, रक्तदाब, मूत्रपिंड यांची विनामूल्य तपासणी. त्याहून निकडीची एक मागणी कौशल्य खात्यासंबंधी आहे. तेलशुद्धी कारखान्यांत वीस वर्षे पाइप जोडलेला मनुष्य दापोलीच्या बाजारात रिकामा बसतो, कारण त्याच्यापाशी अनुभव आहे आणि कागद नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील निदेशकांच्या नेमणुकीत अशा माणसाची प्रत्यक्ष कामावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्राची अट शिथिल करण्याचा हुकूम खात्याने या वर्षीच काढावा.