भीतीचे शौकीन आणि भित्रे सज्जन

गेल्या हिवाळ्यांत आमच्या पेठेंतील एका व्याख्यानमालेंत अध्यक्ष म्हणून बसण्याचा प्रसंग माझ्यावर आला. वक्ते विद्वान् होते, विषय ‘तरुणांची अभिरुचि’ हा होता, आणि तासभर चाललेल्या त्या व्याख्यानांत तरुणांच्या ज्या अनेक व्यसनांचा समाचार घेण्यांत आला त्यांत भयपट पाहण्याच्या व्यसनास अग्रस्थान मिळालें होतें. जो मनुष्य पैसे मोजून भिण्यास जातो, रक्त पाहून टाळ्या वाजवितो आणि सुटीची रात्र भुताखेतांच्या संगतींत घालवितो, त्याच्या मनास कांहींतरी रोग जडलेला असला पाहिजे, असा वक्त्यांचा निष्कर्ष होता. श्रोत्यांनीं माना डोलाविल्या. अध्यक्ष या नात्यानें मीहि आभार मानले आणि घरीं आलों. शिष्टाचारास्तव त्या दिवशीं जें बोलावयाचें राहिलें तें आज येथें लिहीत आहें. कारण ज्या ‘रोग्या’चें वर्णन त्या सभेंत झालें तसा एक रोगी माझ्या अगदीं जवळचा आहे, आणि निरोगी कोण याविषयीं मला अलीकडे बराच संशय येऊं लागला आहे.

हा रोगी म्हणजे माझा भाचा. वय बत्तीस, नोकरी विमा कंपनींत, काम मृत्यूच्या दाव्यांचे कागद तपासण्याचें. सकाळीं साडेनवापासून सायंकाळीं सहापर्यंत त्याच्यापुढें मेलेलीं माणसें येतात, पण तीं सारीं दाखल्याच्या, शिक्क्याच्या आणि वारसाच्या सहीच्या रूपानें. शुक्रवारीं कचेरी सुटली कीं त्याचा खरा आठवडा सुरू होतो. नवा भयपट लागला असेल तर शेवटचा खेळ. नसेल तर घरीं दिवे मालवून व कानांवर हेडफोन चढवून एखादा जुना. चौघां मित्रांचा त्यांचा संघ आहे. चित्र चालू असतां कुजबुजावयाचें नाहीं, फोन बाहेर काढावयाचा नाहीं, आणि घाबरल्यावर ‘मी घाबरलों नाहीं’ असें म्हणावयाचें नाहीं, हे त्या संघाचे नियम. खेळ सुटला कीं भुर्जीच्या गाडीपाशीं उभे राहून ते तास तासभर वाद घालतात. त्याच्या खोलींत नारायण धारपांच्या व रत्नाकर मतकरींच्या कथांचीं, पानें सुटलेलीं पुस्तकें आहेत; भिंतीवर ‘पुराना मंदिर’ या चित्राचें जुनें पोस्टर आहे, तें पाहून माझी बहीण अजूनहि तोंड फिरविते.

आणि एक वही आहे. पाहिलेल्या प्रत्येक चित्राची तींत नोंद असते: तारीख, थिएटर, कोणत्या जागीं भीति वाटली, आणि ती कशानें वाटली. ‘येथें संगीत अगोदरच थांबलें होतें, तें मला कळलें नाहीं.’ ‘दार उघडें दिसलें, पण उघडतांना दाखविलें नाहीं.’ ‘भूत दिसलें आणि भीति गेली.’ अशा त्या नोंदी. जवळजवळ तीस वर्षें मी विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासीत आहें. शोकांतिकेवरील प्रश्नाचें उत्तर लिहितांना आपणांस स्वतःस काय वाटलें आणि तें कोणत्या शब्दानें वाटलें, हें सांगणारे विद्यार्थी त्या काळांत मला बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. व्याख्याते ज्यास व्यसन म्हणतात त्यास माझ्या धंद्यांत रसग्रहण म्हणतात.

पहिला आक्षेप अभिरुचीचा. भीति आणि किळस हीं कलेचीं द्रव्येंच नव्हेत, असें आमच्या सज्जनांना वाटतें. मग भरताचें काय करावयाचें? त्यानें नाट्यशास्त्रांत जे आठ रस सांगितले त्यांत भयानक व बीभत्स हे दोन शृंगार आणि वीर यांच्याच पंक्तीस बसविले आहेत; भयानकास त्यानें काळा वर्ण दिला आहे आणि साक्षात् काल ही त्याची देवता सांगितली आहे. त्यांना त्या पंक्तींतून उठविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? भवभूतीनें ‘मालतीमाधवा’च्या पांचव्या अंकांत आपल्या नायकास रात्रीं स्मशानांत नेऊन पिशाचांपुढें नरमांस विकावयास उभें केलें आहे. तो अंक आम्ही बीभत्साचें उत्तम उदाहरण म्हणून शिकवितों, त्यावर प्रश्न काढतों आणि गुण देतों. मॅक्बेथच्या मेजवानींत रक्तानें माखलेला बँको येऊन बसतो तेव्हां त्यास आम्ही मनोविश्लेषण म्हणतों. बुद्धिवादाचे आमचे आद्य पुरस्कर्ते आगरकर. त्यांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ या नांवानें ‘हॅम्लेट’ मराठींत आणलें. बापाच्या भुतापासून सुरू होणाऱ्या त्या नाटकाचा विटाळ त्यांना वाटला नाहीं. मात्र तोच विद्यार्थी महाविद्यालयांतून बाहेर पडून पडद्यावरचें भूत पाहावयास गेला कीं त्याची अभिरुचि बिघडली! मेलेल्या कवीचें भूत तें वाङ्मय आणि जिवंत दिग्दर्शकाचें भूत ती विकृति, या न्यायास काय नांव द्यावें हें वाचकांनींच ठरवावें.

यावर उत्तर येतें कीं, भवभूति कोठें आणि हे बाजारी भयपट कोठें? बाजारी भयपट पुष्कळ आहेत हें कबूल. पण तें आम्हांस प्रथम सांगणारा शौकीनच असतो. रामसे कुटुंबाची कथा मला भाच्यानेंच सांगितली. १९७० सालीं त्यांचें ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हें चित्र पडलें; परंतु त्यांतील पृथ्वीराज कपूर भीषण मुखवटा चढवून चोरी करावयास येतात तो प्रसंग प्रेक्षक आवडीनें पाहत होते, ही गोष्ट रामसे बंधूंच्या ध्यानांत आली. त्या एका प्रसंगावरून १९७२ सालीं ‘दो गज जमीन के नीचे’ हें चित्र निघालें. सारें कुटुंब महाबळेश्वरास जाऊन राहिलें. दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनि, सारीं कामें भावाभावांनीं वाटून घेतलीं. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधील सामरी हा राक्षस ज्यांनीं रंगविला ते अनिरुद्ध अगरवाल रुरकीस शिकलेले इंजिनियर! हें सांगतांना भाचा हंसत होता. रामसेंच्या मुखवट्याची शिवण कोठें दिसते हें त्यास आमच्या व्याख्यात्यांहून अधिक ठाऊक आहे. आणि म्हणूनच कमाल अमरोहींच्या ‘महल’ (१९४९) मध्यें राक्षस, मुखवटा, रक्त यांपैकीं कांहीं नसतांना, केवळ ओसाड वाडा, अंधार आणि एक आवाज यांच्या बळावर अंगावर कांटा कसा उभा राहतो, याचें मर्महि तो जाणतो. वाईट गाणें ओळखावयास पुष्कळ गाणें ऐकावें लागतें. आमचे टीकाकार मात्र मैफलीच्या दारावरूनच परततात आणि गवई बेसूर असल्याचा निर्वाळा देतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भयपटांनीं अंधश्रद्धा वाढते, असें म्हणतात. ज्या महाराष्ट्रांत २०१३ सालीं डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्याच वर्षीं जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, त्या महाराष्ट्रांत हा आक्षेप हंसण्यावारी नेतां येणार नाहीं. मांत्रिक आला, मंत्र म्हटला, त्रिशूळ रोंवला आणि भूत पळालें, असा शेवट करणारीं चित्रें बुद्धीस लाज आणणारीं आहेत, हें मी निःसंकोचपणें म्हणतों. परंतु अंधश्रद्धेचें ठाणें थिएटरांत आहे काय? तिकीट काढून आंत बसलेला मनुष्य हें सारें खोटें आहे हें जाणून बसलेला असतो. खेळ संपतो, दिवे लागतात आणि तो घरीं जातो. मांत्रिकाच्या दारीं बसलेल्या माणसासाठीं दिवे कधींच लागत नाहींत. माझ्या भाच्यानें शेंकडों भुतें पाहिलीं; पण त्याच्या दुचाकीला लिंबू-मिरची नाहीं. आमच्या व्याख्यात्यांच्या नव्या मोटारीला मात्र ती मी स्वतः पाहिली आहे.

शिवाय भयपट म्हणजे भूतच, ही समजूतहि अज्ञानाची आहे. ‘तुंबाड’ हें चित्र २०१८ सालीं निघालें. कोंकणांतील पाऊस, पडका वाडा, आणि सोन्याच्या मोहरांसाठीं पुन्हां पुन्हां काळोखांत उतरणारा एक ब्राह्मण: त्या चित्रांतील खरें भय हस्तर नांवाच्या राक्षसाचें नसून बापानें मुलाच्या हातीं दिलेल्या लोभाचें आहे. पहिल्या खेपेस तें पाहावयास बेताचीच गर्दी झाली. २०२४ सालीं तें पुन्हां थिएटरांत लागलें तेव्हां पहिल्यापेक्षां अधिक उत्पन्न झालें. मधल्या सहा वर्षांत त्याचें नांव ज्यांनीं जिवंत ठेविलें त्यांत माझ्या भाच्यासारखे, ‘हें पाहा’ म्हणून दहा जणांच्या मागें लागणारे शौकीन होते. लोभावर इतकें प्रभावी प्रवचन आमच्या व्याख्यानमालेंत झाल्याचें मला स्मरत नाहीं.

तिसरा आक्षेप क्रौर्याचा. स्त्रियांचे हाल हाच ज्यांचा विषय आहे अशीं कांहीं चित्रें आहेत, आणि त्यांचें समर्थन मी करणार नाहीं. लहान मुलांनीं भयपट पाहूं नयेत हेंहि मला मान्य आहे. परंतु नोव्हेंबर २०२४ पासून चित्रांच्या प्रमाणपत्रावर सात, तेरा व सोळा वर्षें अशा पायऱ्या छापूं लागले असतांना, पांच वर्षांच्या पोरास कडेवर घेऊन रात्रीच्या खेळास येणारे गृहस्थ हे भयपटांचे शौकीन नसतात. ते तुमच्या-आमच्यासारखे, घरीं पोर कोणापाशीं ठेवावें या विवंचनेंतले सज्जन असतात. आणि क्रौर्याचेंच बोलावयाचें तर सायंकाळीं आमच्या घरांतून काय चालतें? वरणभाताचा घास तोंडांत असतो आणि समोर दूरदर्शन-वाहिनीवर कोणाच्या तरी लेकीच्या खुनाचें वृत्त रंगवून सांगितलें जात असतें. तें रक्त खरें असतें, ती आई खरी असते. तें पाहून आम्हांस ना भय वाटतें ना शोक. आम्ही फक्त ‘काय दिवस आले आहेत’ म्हणतों आणि तूप वाढावयास सांगतों. रंगवलेलें रक्त पाहून ज्याची छाती धडधडते तो रोगी, आणि खरें रक्त पाहून ज्याच्या जेवणांत खंड पडत नाहीं तो निरोगी!

२०२१ सालीं अमेरिका व डेन्मार्क येथील कांहीं संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. कोविडच्या सांथीच्या आरंभीं तीनशेंवर लोकांस प्रश्न विचारून त्यांनीं असें पाहिलें कीं, भयपटांच्या शौकिनांस इतरांहून मानसिक त्रास कमी झाला होता. एवढ्याशा पाहणीवरून सिद्धान्त काढूं नये, आणि शौकामुळें धीर आला कीं धीट माणसेंच त्या शौकाकडे वळतात, हेंहि तिच्यावरून ठरत नाहीं. मी तिचा उल्लेख करितों तो एवढ्याचसाठीं कीं, ती वाचतांना मला नवल वाटलें नाहीं. तिचा पडताळा मला माझ्याच घरांत आला होता.

माझे मेहुणे, म्हणजे भाच्याचे वडील, तीन वर्षांपूर्वीं गेले. आजार असाध्य होता; डॉक्टरांनीं तें आम्हांस बाहेर बोलावून सांगितलें, आणि सुशिक्षित कुटुंबांत घडतें तेंच आमच्याकडे घडलें. रोग्यास कांहीं कळूं द्यावयाचें नाहीं असें ठरलें. आम्ही सारे रोज हंसतमुखानें आंत जात होतों, क्रिकेटच्या व हवेच्या गोष्टी बोलत होतों, आणि दोन मिनिटांत बाहेर येत होतों. मी तर पुढें पुढें आंत जाण्याचेंच टाळूं लागलों. ज्यानें शेकडों तरुणांना हॅम्लेटचें मृत्यूवरील चिंतन समजावून दिलें तो मी, त्या दाराबाहेरच्या बांकावर बसून वर्तमानपत्र वाचीत होतों. एका रात्रीं मेहुण्यांनीं पोरास विचारलें, “मी यांतून उठत नाहीं ना रे?” तो म्हणाला, “नाहीं, बाबा.” मग ते दोघे पहाटेपर्यंत बोलत होते. घराचे कागद कोठें आहेत, माझ्या बहिणीस काय सांगावयाचें, कोणाची क्षमा मागावयाची राहिली आहे, हें सारें त्या रात्रीं झालें. आम्हीं तें होऊं दिलें नसतें. शेवटच्या क्षणीं हात धरून तोच बसला होता, आणि नंतर देहास स्नान घालतांना ज्याचा हात कांपला नाहीं असाहि तो एकटाच होता.

पुढें केव्हां तरी मी त्यास विचारलें, “तुला भीति वाटली नाहीं?” तो म्हणाला, “फार वाटली, मामा. पण भीति वाटत असतांना डोळे मिटावयाचे नाहींत, एवढी संवय होती.”

तेवढी संवय मला नव्हती, आणि त्या सभेंत मान डोलाविणाऱ्यांपैकीं किती जणांस असेल याची मला शंका आहे. आमचा सारा संभावितपणा मरणाकडे पाठ करून उभा आहे. आम्ही मुलांस स्मशानांत नेत नाहीं, म्हाताऱ्यांस त्यांचा आजार सांगत नाहीं, मेलेल्यांविषयीं ‘गेले’ एवढेंच म्हणतों, आणि या पाठ फिरविण्यास सुसंस्कृतपणा असें नांव देतों. मग कोणी शुक्रवारच्या रात्रीं चार मित्रांसह अंधारांत बसून त्या भयाकडे तोंड करून पाहिलें तर तो आम्हांस रोगी वाटतो. प्रत्येक भयपट पाहणारा असाच घडेल, असें मी म्हणत नाहीं. कित्येक जण केवळ गंमत म्हणून जातात, आणि गंमत हाहि गुन्हा नव्हे. पण ज्या मनुष्याची परीक्षा होऊन तो उतरला त्यास, परीक्षेस न बसलेल्यांनीं नापास ठरवूं नये.

यंदाहि व्याख्यानमालेचें निमंत्रण आलें आहे. अध्यक्षपद मीं नाकारलें असून वक्ता म्हणून एक तास मागितला आहे. तो न मिळाल्यास त्या शुक्रवारीं मी भाच्याबरोबर शेवटच्या खेळास जाईन. डोळे मिटावयाचे नाहींत, असें मीं त्यास वचन दिलें आहे.